बाबा, एक कोपरा सहा मिमी वर राहतोय

कॉव्हेंट्री, इंग्लंड,
रविवार, रात्र

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "हं" म्हणून फोन आईकडे दिला असता, आणि आईने जेवलास का विचारलं असतं. म्हणून कागद. सोबत दुसऱ्या कागदावर आकृती आहे, मापं लाल पेनाने घातलीत. चष्मा आणि पेन्सिल घेऊनच बसा.

चूक आधी लिहितो, म्हणजे मोकळा होईन. मी घरच्या गॅरेजमध्ये बांधतोय त्या गाडीच्या चेसिसला, म्हणजे खालच्या चौकटीला, पीळ पडलाय. तीन कोपरे टेकतात आणि मागचा डावा सहा मिमी वर राहतो. दाबला की बसतो, सोडला की उठतो. आपल्या खोलीतला तो एक पाट होता ना, ज्याच्या पायाखाली आई पोस्टकार्डाची घडी घालायची, अगदी तसा.

व्हिडिओवर तुम्ही बघितलंत तेव्हा सगळे सांधे नुसते टॅक केलेले, म्हणजे वेल्डिंगच्या एकेका ठिपक्याने तात्पुरते धरलेले होते आणि चेसिस जाड फळीवर लाकडी ठोकळ्यांत घट्ट अडकवलेली होती. तुम्ही तेव्हाच बोलला होतात, "एका बाजूने सलग जाऊ नको. इकडे एक, तिकडे एक. हात लावून बघ, गार झाल्याशिवाय शेजारचा सांधा धरू नको." मी हो हो म्हटलं. तुम्हाला माझं हो हो माहीत आहे.

शनिवारी गॅरेजमध्ये दोन अंश होते. आधी हात बधिर, पण एकदा सूर लागला आणि वेल्डिंगची वायर अशी सुरेख वाहायला लागली की थांबवेना. पहिल्यांदाच माझे वेल्डिंगचे मणी तुमच्यासारखे पडत होते, नाण्यांची चवड आडवी करून ठेवावी तसे. त्या नादात डाव्या खालच्या नळीच्या वरच्या तोंडाचे, म्हणजे वरच्या सपाट बाजूचे, सगळे सांधे एका दमात भरून टाकले. उजवीकडे जाणार तोच गॅसची बाटली संपली. दुसऱ्या दिवशी दुकान बंद. मी म्हटलं, तोवर बघू तरी कशी दिसते, आणि ठोकळ्यांचे स्क्रू काढले. शेवटचा ठोकळा निघाला तेव्हा 'टक्' आवाज आला. बाबा, तो आवाज ऐकून मी बघितलंसुद्धा नाही, तसाच घरात जाऊन चहा टाकला.

मग मोजायचं कसं हा प्रश्न. गॅरेजची जमीन सपाट आहे असं मी इतके दिवस धरून चाललो होतो, ती नाही. तुम्ही मुंबईच्या दारूखान्यातून, जहाजं तोडायचे तिथून, आणलेली ती जहाजाची जाड प्लेट आज इथे असती तर! (आईने तिच्यावर अजून तुळशीची कुंडी ठेवली आहे का?) शेवटी पाण्याची नळी काढली. चाळीच्या गॅलरीत लाद्या बसवताना गवंडी वापरत होते तीच युक्ती, पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकं वर धरायची. पाण्यात निळी शाई टाकली. शेजारचे आजोबा आपलं लेझरचं यंत्र घेऊन आले होते, त्यांच्या लाल रेघेत आणि माझ्या निळ्या पाण्यात अर्ध्या मिमीचाही फरक निघाला नाही. ते बराच वेळ नळीकडेच बघत राहिले. मी मुंबईची इज्जत राखली, चेसिसची नाही.

मापं आकृतीत आहेत, तरी लिहितो. उजवी खालची नळी सरळ आहे, दोरीला लागून. डाव्या नळीवर दोरी ताणली की मधोमध चार मिमी फट दिसते. म्हणजे तिची दोन्ही टोकं वर उचलली गेलीत आणि पोट खाली आलंय. खालच्या चौकटीचे कर्ण मोजले, दोन मिमीचा फरक आहे, तो मला चालेल. मागची चाकं धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यांचे ब्रॅकेट अजून लावलेले नाहीत, ते नशीब. ते ब्रॅकेट चुकले असते तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालली असती.

हे का झालं ते आता कळतंय. एक मीटर लोखंड शंभर अंशांनी तापलं की जेमतेम १.२ मिमी वाढतं. मला वाटायचं, एवढ्याने काय होतंय, गार झालं की परत जागेवर येईल. पण सांध्यापाशी ते लाल होतं, आजूबाजूचं गार लोखंड त्याला पसरू देत नाही, मग ते मऊ झालेलं लोखंड स्वतःतच दाबलं जातं आणि गार होताना आधीपेक्षा आखूड होऊन बसतं. एका नळीच्या एकाच तोंडावर नऊ सांधे म्हणजे नऊ वेळा ती बाजू आखडली. तुम्ही हे सगळं "गार होताना ओढतं" एवढ्या तीन शब्दांत सांगितलं होतं, म्हणून मला ते तेव्हा खरं वाटलं नसावं.

इथून पुढचं आईला मोठ्याने वाचून दाखवा, कारण ती दर वेळी विचारते, चेसिस म्हणजे नक्की काय करतोस. आई, तू बेस्टच्या बसमध्ये बसतेस ना, तिच्या पोटाखाली दोन लांब लोखंडी तुळया असतात आणि त्यांच्यावर बसचा डबा बसवलेला असतो. त्या तुळयांची चौकट म्हणजे चेसिस. हल्लीच्या मोटारींना अशी वेगळी चौकट नसते, पत्र्याचा डबाच सगळं वजन पेलतो. आपल्या तळमजल्यावरच्या काकांची पद्मिनी टॅक्सीसुद्धा तसलीच होती. बाबा तिच्याखाली झोपून सायलेन्सरचा पट्टा डकवायचे तेव्हा मी टॉर्च धरायचो आणि वर बघत चेसिस शोधायचो, ती कधी सापडली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्याची बातमी तू पाठवलीस, तेव्हा पहिल्यांदा तीच आठवण आली.

माझी मात्र नुसत्या नळ्यांची आहे. पंचवीस मिमीची चौकोनी नळी, भिंत १.६ मिमी जाड, म्हणजे बाबांच्या भाषेत सोळा गेज. ती कापायची, टोकं कानशीने कोनात घासायची आणि पिंजरा बांधायचा. तुमची नात तर पिंजराच म्हणते, परवा आत बसून पोपटासारखी पेरू मागत होती. वजन इतकं कमी की मी आणि शेजारचे आजोबा, दोघांनी सहज उचलली.

बाबा, तुम्ही मंडळाच्या मंडपाला कैची मारायचात ते मला या सगळ्यात सारखं आठवतं. मी सातवीत होतो. चार बांबूंची चौकट बांधून तुम्ही आम्हा पोरांना म्हणालात, हलवा. आम्ही हलवली, ती पत्त्याच्या घरासारखी डावी-उजवीकडे कलंडायला लागली. मग एक बांबू तिरका बांधलात आणि म्हणालात, आता हलवा. आम्ही चौघे लोंबकळलो तरी हलली नाही. चौकोन कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही, कारण त्याची एखादी बाजू लांबवल्याशिवाय त्याचा कोन बदलूच शकत नाही. भूमिती मी पुढे दोन वर्षांनी शिकलो आणि मास्तरांना मंडपाचं उदाहरण दिल्याबद्दल बाकावर उभा राहिलो. माझ्या चेसिसमध्ये जिथे जिथे मोकळा चौकोन आहे तिथे कैची आहे. एकच जागा सोडावी लागली, इंजिनाच्या वरची, कारण तिथे तिरकी नळी टाकली तर इंजिन बाहेर कसं काढणार?

ही कल्पना माझी नाही. १९५७ साली इथल्या कॉलिन चॅपमननं लोटस सेव्हन नावाची अशीच नळ्यांची, दारं नसलेली, दोघांपुरती गाडी काढली. तयार गाडीवर तेव्हा खरेदी कर लागायचा, सुट्या भागांची पेटी घेऊन घरी जोडली तर तो वाचायचा. म्हणून कारकून, मास्तर, मेकॅनिक असे लोक आपापल्या गॅरेजात गाड्या जोडत बसले. १९७३च्या एप्रिलमध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली. त्याच वर्षी चॅपमनने त्या गाडीचे हक्क कॅटरहॅम कंपनीला दिले, ती कंपनी अजून तीच गाडी बनवते. कर वाचायचा बंद झाला तरी लोकांची खोड गेली नाही. माझ्यासारखे लोक तर पेटीही घेत नाहीत, नळीपासून सुरू करतात. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एका जुन्या जपानी दोन-सीटरचा काढलाय. तिची खालची पट्टी गंजून हाताने तुटत होती, थंडीत इथे रस्त्यावर मीठ टाकतात त्याने. आपल्याकडे दर्याची हवा जे करते ते इथे नगरपालिका करते.

ताईने विचारलं होतं की असली घरची गाडी रस्त्यावर येऊ तरी देतात का. देतात, पण आधी सरकारी तपासणी होते. ब्रेक, दिवे, धूर, पट्टे, सगळं. त्यात एक गंमत आहे. तपासनीस शंभर मिमी व्यासाचा गोळा घेऊन गाडीभोवती फिरतो, आणि तो गोळा जिथे टेकेल तिथली प्रत्येक कड निदान अडीच मिमी त्रिज्येने गोल असावी लागते. रस्त्यावरच्या माणसाला गाडी लागलीच तर ती त्याला चिरू नये म्हणून. बोल्टाचं टोकसुद्धा चालत नाही, टोपी घालावी लागते. पावत्या आणि बांधकामाचे फोटोही जपून ठेवायचे, मी स्वतः बांधली याचा पुरावा म्हणून. जिच्या भागांचं वय ठरवता येत नाही अशा गाडीला 'क्यू' अक्षराने सुरू होणारा नंबर मिळतो. हिला ते कळल्यापासून ती गाडीला 'अनौरस' म्हणते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम कंपनीने लिहून दिलेल्या गोष्टींतच बदल करू देत नाही, मग जिला कंपनीच नाही ती गाडी घेऊन आरटीओच्या खिडकीशी गेलो तर काय होईल, याची कल्पना करून मी एकटाच हसत होतो.

आता खरा प्रश्न, आणि हा आईला वाचून दाखवायची गरज नाही.

शेजारचे आजोबा इथल्याच एका मोटार कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवतात तिथे, होते. ते म्हणतात, डावी नळी सरळ कापून टाक आणि नवी घाल. माणूस कामाचा आहे, पण टूलरूमवाल्यांना चुकलेली वस्तू सहन होत नाही. कापायचं म्हणजे नऊ सांधे उखडायचे, ग्राइंडरने भिंत पातळ होणार, आणि परत तीच उष्णता.

माझा विचार असा आहे. खालच्या तोंडाचे सांधे अजून नुसते टॅकवर आहेत. ते भरले की नळी उलट्या बाजूला ओढली जाईल. म्हणून परत फळीवर ठोकळ्यांत आवळायची, मागच्या डाव्या कोपऱ्याला उलट दोन-तीन मिमी जास्तीचं दाबून धरायचं, आणि मग खालचे सांधे तुमच्या पद्धतीने घ्यायचे, एक डावा, एक उजवा, एक पुढचा, एक मागचा. पुरतं गार होऊ द्यायचं. त्याने निम्मा तरी पीळ निघेल.

उरलेल्यासाठी मला तुमचा गरम ठिपका आठवतोय. लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये गाडीच्या डब्याचा पत्रा फुगला की तुम्ही बत्तीने रुपयाएवढा ठिपका लाल करायचात आणि लगेच ओला बोळा दाबायचात, पत्रा ताठ व्हायचा. तुमच्या घामाच्या वासात त्या जळक्या बोळ्याचा वास मिसळलेला असायचा. तोच ठिपका नळीच्या पोटाला, खालून, मधोमध दिला तर पोट आखडेल आणि टोकं खाली येतील. बरोबर? पण तो पत्रा होता, ही बंद नळी आहे, भिंत १.६ मिमी. ठिपका एकाच तोंडाला द्यायचा की बाजूच्या दोन तोंडांवरही थोडा चढवायचा? आणि पाणी मारायचं की आपोआप गार होऊ द्यायचं? मला पाण्याची भीती वाटते, सांध्याजवळ एकदम गार केलं तर चीर जाईल असं वाटतं. तुम्ही पत्र्यावर सांध्यापासून किती लांब राहायचात?

वायरच्या मशीनबद्दल तुम्ही नाक मुरडता, तर एक कबुली. तुमचा दहा नंबरचा जाड वेल्डिंगचा रॉड या नळीला लावला तर भोक पडेल, इथे ०.८ मिमीची वायरच हवी. पण रॉडवर काम करणारा दर रॉडला थांबतो, टोक झाडतो, स्लॅग (वरची खपली) ठोकतो, तेवढ्यात लोखंड श्वास घेतं. वायर थांबतच नाही, आणि मीही थांबलो नाही. आता दर सांध्यानंतर मशीन बंद करून गॅरेजमध्ये एक फेरी मारायचं ठरवलंय.

डोळ्यांची काळजी करू नका. काच आपोआप काळी होणारं हेल्मेट आहे, लालबागला असताना डोळ्यांना वेल्डिंगचा झोत लागला होता तसं रात्री बटाट्याचे काप ठेवून बसायची वेळ आलेली नाही. खर्च विचारणार म्हणून लिहितो, नळ्या सगळ्या मिळून दीडशे पौंडांत आल्या. इंजिनाचा आकडा हिच्यासमोर लिहिता येत नाही.

ताईची नणंद मार्चमध्ये इकडे येतेय. तिच्याबरोबर माळ्यावरच्या पेटीतला तुमचा काळा गुण्या पाठवाल का? इथला मी घेतलेला गुण्या नव्वद अंश दाखवत नाही, उलटा धरून रेघ मारली की दोन रेघा पडतात. मात्र तो सामानाच्या बॅगेत घालायला सांगा, हातातल्या बॅगेत विमानतळावर काढून घेतील. आईला लाडू देऊ नको म्हणावं, वजन गुण्यालाच लागेल. बरं, चार द्या.

आकृतीवर पेन्सिलीने खुणा करून कागद परत पाठवा, किंवा दादाला फोटो काढून पाठवायला सांगा. ठिपके कुठे, किती, कोणत्या क्रमाने, आकडे घाला. इंजिन आकृतीत उजवीकडे आहे, उलटी धरू नका.

तोपर्यंत कटर भिंतीवर टांगून ठेवलाय.

तुमचा,
धाकटा

ता. क. नातीने पिंजऱ्याचं चित्र काढलंय, तेही घातलंय. त्यात चारी कोपरे टेकलेले आहेत.