विषय: डबल ब्रेस कीबोर्ड स्टँडचं लॉक सुटून झालेलं नुकसान, आणि तुमच्या कस्टमर केअरने दिलेली उत्तरं

प्रति,
व्यवस्थापक व तक्रार निवारण अधिकारी

आज सकाळी तुमच्या कस्टमर केअरशी माझं शेवटचं बोलणं झालं. यापुढे मी फोन करणार नाही, म्हणून हे पत्र. बिल, फोटो, हळदीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ, तुमच्या सेल्सच्या माणसाशी झालेलं चॅट आणि दुरुस्तीचं बिल सोबत जोडलं आहे. पुन्हा ‘कृपया तपशील पाठवा’ असा मेल पाठवू नका. तो मेल मला येतो, मी तपशील पाठवतो, तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद होते आणि मला पहिल्यापासून नवी तक्रार टाकावी लागते. हे कितीदा झालं ते तुमच्या कॉम्प्युटरवर दिसेलच.

मी अमळनेरचा. कीबोर्ड वाजवणं हेच माझं पोट. लग्नसराईत हळदी आणि संगीताचे कार्यक्रम, पारोळा, धरणगाव, चोपडा, शिरपूर, कधी शहाद्यापर्यंत. श्रावणात आमच्या कानबाई देवीची गाणी, नवरात्रात गरबा. उरलेल्या दिवसांत घरी माडीवरच्या खोलीत अहिराणी गाण्यांचं रेकॉर्डिंग. म्हणजे माझा स्टँड हंगामात रोज उघडतो, रोज मिटतो, रोज गाडीत पडतो. हे सगळं मी घेण्याआधी तुमच्या सेल्सच्या माणसाला सांगितलं होतं. चॅट वाचा. मी लिहिलंय की स्टेजवर माझा यामाहाचा एसएक्स ९०० कीबोर्ड असतो, ११.५ किलोचा. घरी रोलँडचा एफपी ३० एक्स आहे, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, १४.८ किलोचा. स्टेजवर उभं राहून वाजवतो, घरी बसून, आणि घरी पायाखाली सूर लांबवणारं सस्टेन पेडल लागतं. मी विचारलं होतं, घरासाठी झेड आकाराच्या पायांचा किंवा टेबलासारखा चौकोनी स्टँड वेगळा घेऊ का? कारण एक्समध्ये, म्हणजे फुलीसारख्या पाइपांच्या मिटत्या स्टँडपुढे, बसलं की गुडघे पाइपला लागतात आणि पेडल नेमकं जिथे हवं तिथे पाइप येतो. त्यावर तुमचा माणूस म्हणतो, ‘सर, झेड जड असतो, नेण्या-आणण्याचा नाही. आमचा डबल ब्रेस एक्स घ्या, स्टेज आणि स्टुडिओ दोन्हीकडे चालेल. साठ किलो पेलतो.’

साठ किलो. तेच खोक्यावर छापलंय, तेच वेबसाइटवर आहे. माझे दोन्ही कीबोर्ड एकावर एक ठेवले तरी वजन २६.३ किलो होतं, तुमच्या आकड्याच्या निम्मंसुद्धा नाही. आणि पडला तेव्हा स्टँडवर एकच कीबोर्ड होता, ११.५ किलोचा.

चोपड्याच्या अलीकडे एका गावात हळद होती. टेबलं जोडून त्यावर जाड फळ्या, फळ्यांवर सतरंजी, असा आमच्याकडे नेहमी असतो तसा स्टेज. मी उभ्याने वाजवत होतो, म्हणजे स्टँड वरच्या खाचेत. एक्स जितका उंच कराल तितके पाय जवळ येतात आणि मधल्या लॉकवर भिस्त वाढते, हे मी तुम्हाला सांगायला नको. बनवता तुम्हीच. गाणं रंगात आलं होतं, मी डाव्या हाताने बेस धरलेला, तेवढ्यात मधल्या डिस्कमधून ‘टक्’ असा आवाज आला. काय झालं ते कळायच्या आत एक्स पूर्ण उघडला, कीबोर्ड खाली आला, एका टोकाची रबरी टोपी निघाली आणि कीबोर्ड डावीकडे घसरून मॉनिटर स्पीकरच्या कोपऱ्यावर आदळला. जॉयस्टिक तुटली. खालच्या तीन पट्ट्या दबून बसल्या त्या वर आल्याच नाहीत. ढोलकीवाला वाजवायचा थांबला आणि ‘काय व्हयनं भाऊ?’ म्हणत धावला. समोर हळद लावलेली पोरगी पाटावर बसलेली, तिचं सगळं घर आमच्याकडे बघतंय. पुढचा कार्यक्रम गावातल्या भजनी मंडळाची पेटी आणून कसाबसा पुरा केला. यजमानांनी अर्धी सुपारी कापली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांनी कीबोर्डचे पैसे ठरवले होते.

दुसऱ्या दिवशी स्टँड गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे नेला. त्याने डिस्क उघडली. दोन डिस्क एकमेकांत दातांनी अडकतात आणि मधली स्प्रिंग त्यांना दाबून धरते, ती तुमची रचना. दात पांढऱ्या ओतीव धातूचे आहेत आणि एका बाजूचे झिजून चकाकताहेत. नॉब पूर्ण बसवून हाताने पाइप पिळला तरी घसरतो. फोटो क्रमांक चार बघा. मग त्याने पाइप कापून जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. भिंत १.२ मिलिमीटर, म्हणजे १८ गेज. तुमच्या वेबसाइटवर १६ गेज लिहिलंय, म्हणजे १.६ मिलिमीटरच्या आसपास. आणि डबल ब्रेस म्हणून जो दुसरा पाइप जोडलाय, तो मधोमध एका रिव्हेटवर फिरतो. रिव्हेट सैल झाली की ती आवळता येत नाही, बदलता येत नाही. नट-बोल्ट असता तर पाना लावून मीच आवळला असता.

हे मला जास्त लागलं, कारण तुमचाच जुना स्टँड माझ्याकडे होता. एकसष्ट पट्ट्यांच्या कीबोर्डसाठी घेतलेला. पाइप जाड, मधे बोल्ट, त्याला नायलॉनचा लॉक-नट. तो आजही माझा पुतण्या वापरतो आणि हलत नाही. त्या स्टँडच्या जोरावर मी तुमचं नाव चार वाजवणाऱ्यांना सांगितलं, त्यातल्या दोघांनी हा नवा स्टँड घेतलाही. बोल्टच्या जागी रिव्हेट कोणी आणली, पाइप पातळ कोणी केला आणि साठ किलोचा आकडा तसाच कोणी ठेवला, हे तुमच्या ऑफिसात कोणाला तरी माहीत आहेच. मला ते नाव नको. उत्तर हवंय.

आता आज सकाळचा फोन. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं सुरुवातीला सांगतात, तर तो काढून ऐका. मी जसाच्या तसा लिहितो.

बाई म्हणाल्या, ‘सर, साठ किलो ही स्टॅटिक लोड कपॅसिटी आहे.’

मी विचारलं, म्हणजे काय?

‘म्हणजे कीबोर्ड स्टँडवर नुसता ठेवलेला असतानाची.’

मी म्हटलं, ठेवलेलाच होता.

‘पण सर, तुम्ही वाजवत होतात.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं, अगदी शांतपणे, समोर लिहिलेलं वाचावं तसं. ‘वाजवताना डायनॅमिक लोड येतो सर. डायनॅमिक लोडने झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही.’

मी विचारलं, मग तुमच्या कीबोर्ड स्टँडवर ठेवलेला कीबोर्ड वाजवायचा नाही का?

‘वाजवू शकता सर, पण हळू.’

हळू म्हणजे किती?

‘नॉर्मल यूज सर.’

मी वीस वर्षांहून जास्त वाजवतोय. हळद नॉर्मल नाही का? गरबा नॉर्मल नाही का? खाट विकायची आणि मोडल्यावर गिऱ्हाइकाला विचारायचं की तुम्ही तिच्यावर झोपलात का, त्यातला हा प्रकार. स्टॅटिक आणि डायनॅमिक भारातला फरक मला कळतो. वाजवताना हातांचा दाब आणि हिसका वजनात मिळतो. म्हणून तर स्टँडची ताकद कीबोर्डच्या वजनापेक्षा बरीच जास्त धरायची असते, आणि म्हणूनच मी साठ किलोवाला घेतला. तो फरक खोक्यावर लिहिलेला नाही. वेबसाइटवर नाही. माहितीपत्रकात नाही. तुमच्या सेल्सच्या माणसाने सांगितला नाही. तो फक्त पैसे परत मागितल्यावर निघतो.

मी वरिष्ठांशी बोलायचं म्हटलं. बराच वेळ थांबवून एक साहेब आले. माझं नाव विचारलं नाही, काय झालं ते विचारलं नाही. थेट म्हणाले, ‘व्हिडिओ बघितला. हळदीचा कार्यक्रम दिसतोय. हा कमर्शियल यूज झाला.’ मी म्हटलं, तुमच्या खोक्यावर स्टेजचा फोटो आहे, लाइट आहेत, समोर गर्दी आहे. ते म्हणाले, ‘तो रिप्रेझेंटेशनसाठी असतो.’ आणि मग जे म्हणाले ते मी विसरणार नाही: ‘शिवाय सर, खेडेगावातले स्टेज, त्यांचा काही भरवसा नसतो.’

साहेब, तो व्हिडिओ तुम्ही खरंच पाहिलात का? त्याच फळ्यांवर, माझ्यापासून हातभर अंतरावर, ऑक्टोपॅडचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तालवाद्याचा, स्टँड उभा आहे. त्याच्या मागे माइकचे दोन स्टँड. कीबोर्ड कोसळतो तेव्हा त्यातला एकही डुलत नाही. फळ्या वाईट असत्या तर सगळंच पडलं असतं. माझ्या खेड्यांच्या नावाने बोलण्याआधी निदान तेवढं तरी बघायचं होतं. खानदेशात वर्षभर लग्नं होतात, बॅन्ड वाजतात, सारंगखेड्याची यात्रा भरते, कानबाई बसते, आणि हे सगळं अशाच फळ्यांवर आणि अंगणांत वाजतं. तुमचा माल आमच्याकडे खपतो तो याच कार्यक्रमांमुळे. विकताना आमचे स्टेज चालतात.

‘कमर्शियल यूज’बद्दलही सांगतो, म्हणजे पुढचं पत्र लिहिणाऱ्याला सोपं जाईल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्पष्ट आहे की स्वतः राबून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरली जात नाही. माझ्याकडे नोकर नाहीत, भाड्याने द्यायला स्टँडांचा ढीग नाही. वाजवणारा मी, उचलणारा मी. स्टँड तुमच्याच वेबसाइटवरून घेतला आहे, त्यामुळे २०२० चे ई-कॉमर्स नियम तुम्हाला लागू आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करायचं असतं. पोच म्हणून मला काय मिळालं ते वर लिहिलंच आहे. ज्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यायला हवा, तो मला तिथे सापडला नाही, म्हणून हे पत्र पदनामाने पाठवतोय.

घरच्या वापराचंही एकदा सांगून टाकतो, कारण ते तुमच्या सेल्सच्या माणसाने ठासून सांगितलं होतं. रोलँड या स्टँडवर ठेवला की खालच्या पट्ट्यांवर जोर दिला तरी आडवा डोलतो. गाणारा खोलीतच माइकपुढे असतो आणि सैल रिव्हेटची किणकिण ट्रॅकवर येते. एक अख्खं गाणं पुन्हा करावं लागलं. गुडघे लागायचे ते लागतातच. शेवटी घरासाठी त्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून १६ गेजच्या चौकोनी पाइपचा टेबलासारखा स्टँड करून घेतला, चार पाय, मागे आडवा पाइप, खाली पेडलला मोकळी जागा. तो तसूभर हलत नाही. त्याच्यावर साठ किलोचा आकडा कोणी छापलेला नाही.

माझं म्हणणं असं. स्टँडचे पूर्ण पैसे परत. एसएक्स ९०० च्या दुरुस्तीचं नाशिकचं बिल आणि तिथवरचा जाण्यायेण्याचा खर्च. कापलेली सुपारी, यजमानांची सही असलेला कागद सोबत आहे. आणि खोक्यावरचा साठ किलोचा आकडा एकतर काढा, नाहीतर तो वाजवताना किती किलो पेलतो ते त्याच आकाराच्या अक्षरात त्याच्या शेजारी छापा. ही शेवटची गोष्ट मी पैशांवर सोडून देणार नाही. माझ्या सांगण्यावरून ज्या दोघांनी हाच स्टँड घेतला, त्यांना मी स्टेजवर तो वापरू नका म्हणून कळवलंय आणि त्यांच्याही डिस्कचे फोटो मागवलेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करतो. ग्राहक जिथे राहतो तिथे दाखल करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही लागत नाही. कापलेला पाइप, झिजलेली डिस्क आणि तुमचं खोकं मी जपून ठेवलंय. ‘पिकअप करून तपासणीला पाठवतो’ असं म्हणून ते माझ्याकडून मागू नका. तपासायचं असेल तर तुमचा माणूस अमळनेरला पाठवा, माझ्यासमोर तपासू द्या. दुपारी चारनंतर मी कार्यक्रमाला निघतो, त्याआधी यावं.

आपला ग्राहक,
अमळनेर, जि. जळगाव