झाडं लावून झाली असतील तर ईटीपीवाल्याला पण काहीतरी शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

५ जूनला पर्यावरण दिन झाला आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात अर्धं पान नुसते एमआयडीसीतल्या वृक्षारोपणाचे फोटो, प्रत्येक फोटोत एक रोप आणि त्याला दहा-बारा जणांचे हात. लावा झाडं, माझं काही म्हणणं नाही. पण मी लोट्याच्या एमआयडीसीत ईटीपीवर, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटवर, केमिस्ट म्हणून बरीच वर्षं काढलीत आणि त्या फोटोत मला एकही ईटीपी ऑपरेटर दिसला नाही, तो बिचारा तेव्हा मागे फिल्टर प्रेसमधला दाबलेला गाळ काढत असणार, म्हणून हे पत्र.

कंपन्यांत पर्यावरणाचं ट्रेनिंग होत नाही असं कोणी म्हणू नये, भरपूर होतं. आयएसओ १४००१ म्हणजे पर्यावरण सांभाळण्याचं स्टँडर्ड, त्याचं इंटर्नल ऑडिटरचं दोन दिवसांचं, लीड ऑडिटरचं पाच दिवसांचं, पुण्या-मुंबईला हॉटेलात, जेवणासकट. जातं कोण तर क्वालिटी, एचआर आणि ईएचएस म्हणजे पर्यावरण-सुरक्षा खात्याचे साहेब लोक, आणि ते आल्यावर फाईल करतात, चांगलीच करतात, ऑडिटर खूश होऊन जातो. रात्रपाळीला ईटीपीवर मात्र कॉन्ट्रॅक्टरचा पोरगा असतो, त्याचं ट्रेनिंग म्हणजे जॉइनिंगच्या दिवशी अर्धा तास इंग्रजी स्लाइड आणि अटेंडन्स शीटवर सही. हां, ऑडिटच्या आदल्या दिवशी पर्यावरण धोरणाचं लॅमिनेटेड कार्ड त्याच्या खिशात न चुकता घातलं जातं. आता गंमत अशी की त्याच आयएसओ स्टँडर्डच्या ७.२ कलमात म्हटलंय की कंपनीच्या नियंत्रणाखाली काम करणाऱ्या ज्या कुणाच्या कामाने पर्यावरणावर परिणाम होतो त्याला ते काम नीट येतंय का ते बघा. पगार कोणाच्या नावाने निघतो हे तिथे विचारलेलंच नाही, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचा माणूस पण त्यात आला.

बाहेरच्याला वाटतं ईटीपी म्हणजे टाक्या आणि पंप, बटण दाबलं की घाण पाणी स्वच्छ. अहो, एरेशन टँकमध्ये, म्हणजे ज्या टाकीत हवा सोडतात तिच्यात, घाण खाणारे जिवंत बॅक्टेरिया असतात, त्यांना हवा लागते, खायला लागतं, पीएच सातच्या आसपास लागतो. प्रॉडक्शनवाल्यांनी रात्री रिअ‍ॅक्टर धुवून न सांगता ते पाणी सोडून दिलं किंवा लाइट बिल वाचवायला कोणी हवा सोडणारे ब्लोअर बंद केले की सकाळपर्यंत टाकी काळी पडते, वास मारायला लागते, मग शेण, गूळ, युरिया, डीएपी टाकत बसा, घडी परत बसायला आठवडे जातात. आणि हे वेळेवर कळण्यासाठी काही लॅब लागत नाही. जाणता ऑपरेटर एक लिटरच्या सिलिंडरमध्ये टाकीतलं पाणी घेतो आणि अर्धा तास हलवत नाही, गाळ तपकिरी असला, अडीचशे-तीनशे मिलीच्या रेघेपर्यंत बसला आणि वर पाणी नितळ दिसलं की प्लांट बरा चाललाय, गाळ आठशे-नऊशेलाच अडकला किंवा वरचं पाणी गढूळच राहिलं तर काहीतरी बिनसलंय. पाण्यात किती घाण उरली ते सांगणारा बीओडीचा रिपोर्ट यायला तीन दिवस लागतात, तोवर ते पाणी सीईटीपीतून, म्हणजे सगळ्या कारखान्यांच्या सामायिक ईटीपीतून, दाभोळच्या खाडीकडे गेलेलं पण असतं. मग खाडीत मासे मेल्याची तक्रार झाली की सगळे एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. हा सिलिंडर कसा वाचायचा हे शिकवायला एक दुपार पुरते, पण ती दुपार कोणी देत नाही.

ड्रमचं पण तेच. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत केमिकलचे रिकामे बॅरल ३३.१ नंबरला, तेलकट चिंध्या ३३.२ ला, ईटीपीचा गाळ ३५.३ ला, ९० दिवसांच्या वर साठवायचं नाही, फॉर्म १० भरून पाठवायचं, हे सगळं आमच्या साहेबांना झोपेत विचारा, सांगतील. पण ड्रमला रोज हात कोणाचा लागतो? हाऊसकीपिंगच्या बायकांचा आणि भंगारवाल्याचा. आमच्याकडच्या एका मावशींनी निळा ड्रम घरी पाण्याला नेलेला, मी म्हटलं मावशी हा नका वापरू, तर म्हणाल्या, "अहो सर, तीनदा साबणाने धुतलाय, वास पण जात आला." त्यांची काय चूक? त्या ड्रमवरचं लेबल इंग्रजीत, नियम फाईलमध्ये, आणि त्यांचं 'पर्यावरण जागरूकता प्रशिक्षण' रेकॉर्डला झालेलं.

टाकी साफ करायला माणूस उतरवतात त्याबद्दल तर बोलायलाच नको. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइड गॅसला कुजक्या अंड्यासारखा वास येतो तोवर निदान कळतं तरी, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं गॅस गेला. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो, या बातम्या तुम्हीच छापता.

आता त्याच कंपनीत बॉयलरवर जाऊन बघा. तिथे अटेंडंटकडे बाष्पके संचालनालयाची परीक्षा पास झाल्याचं फर्स्ट नाहीतर सेकंड क्लासचं सर्टिफिकेट असतं, त्याच्याशिवाय बॉयलर चालवायचा नाही, बॉयलरचा कायदा १९२३ मध्येच आला, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला. वायरमनला लायसन लागतं, सेफ्टी ऑफिसरला डिप्लोमा लागतो. ईटीपीवाल्याला असं काही लागत नाही, काल गेटवर वॉचमन होता तो आज ईटीपीत केमिकल सोडणाऱ्या डोसिंग पंपावर. बॉयलर फुटला तर मालकाची भिंत पडते आणि ईटीपी बसला तर पाणी दुसऱ्याच्या गावात जातं, कदाचित म्हणून असेल.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये हरित कौशल्य विकास कार्यक्रम काढला, त्यात ईटीपी आणि एसटीपी (मैलापाणी साफ करायचा प्लांट) चालवण्याचा कोर्स पण होता, कल्पना चांगली होती, पण तो मुख्यतः बेरोजगार पोरांसाठी. जो आधीच तीन पाळ्यांत राबतोय त्याला कोर्सला सोडणार कोण, आणि त्या दिवसांचा पगार कोण देणार? माझं म्हणणं साधं आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ कन्सेंट, म्हणजे कारखाना चालवायची परवानगी, देताना एवढ्या अटी घालतं, त्यात अजून एक घाला, की प्रत्येक पाळीत ईटीपीवर एक सर्टिफिकेटवाला माणूस पाहिजे, कायम असो की कॉन्ट्रॅक्टचा, आणि शिकायला गेलेले दिवस हजेरीत धरायचे. शिकवायला आयटीआय आहेत की, एओसीपीचा (केमिकल प्लांटच्या ऑपरेटरचा) ट्रेड चालवतात, त्यांना हे जड नाही. भाषा मराठी ठेवा, बिहार-यूपीची पोरं असतील तिथे हिंदी.

छोटे कारखानदार लगेच म्हणतील की खर्च करून शिकवलं आणि दोनशे रुपये जास्त मिळाले की पोरगा शेजारच्या कंपनीत पळतो. पळू दे की. शेजारच्याच प्लॉटवर जाणार ना, पाणी तर शेवटी एकाच पाईपात जातंय. खर्च एकट्याला झेपत नसेल तर सीईटीपी सगळ्यांनी मिळून चालवता तसं ट्रेनिंग पण मिळून करा.

फक्त एक विनंती, परीक्षा घ्याल तेव्हा चार पर्यायांतून एकाला टिक मारायची ती घेऊ नका, नाहीतर महिनाभरात त्याच्या पण गाइड निघतील. पोराला टाकीवर न्या, हातात सिलिंडर आणि पीएच मीटर द्या, मीटर आधी कॅलिब्रेट करायला सांगा, आणि मग विचारा, आज रात्री ब्लोअर बंद पडला तर तू काय करशील आणि कोणाला फोन लावशील.

आपला,
एक ईटीपी केमिस्ट
ता. खेड, जि. रत्नागिरी