विषय: तुमच्या गेममधल्या 'क्योनिग' या जर्मन युद्धनौकेचा मधला टरेट (दोन तोफांचा फिरता बुरूज) डावीकडे मारत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

तुमच्या हेल्पलाइनवर आज झालेलं बोलणं शेवटचं. आता लेखी.

गेल्या अपडेटपासून, पैसे मोजून घेतलेल्या क्योनिगचा मधला टरेट उजवीकडे व्यवस्थित मारतो. डावीकडे मात्र लक्ष्य जवळपास काटकोनात असेल तरच. जहाज जरा तिरकं केलं की टरेट अडतो आणि दहाऐवजी आठच गोळे सुटतात. एक गोळा सुमारे ४०५ किलोचा, म्हणजे फैरीमागे ८१० किलो गायब. दहाही तोफा हव्यात तर पूर्ण आडवं व्हायचं, ३५० मिलिमीटर चिलखत तिरकं धरण्याचा फायदा सोडायचा आणि सिटाडेल, म्हणजे इंजिन आणि दारूगोळ्याचा नाजूक गाभा, समोरच्याला आंदण द्यायचं.

तपासणं सोपं आहे. ट्रेनिंग रूममध्ये इंजिन बंद ठेवून १० किलोमीटरवर स्थिर लक्ष्य घ्या. ते नाकापासून डावीकडे ६० अंशांवर असताना फैर झाडा, गोळे मोजा. मग जहाज वळवून तेच लक्ष्य उजवीकडे ६० अंशांवर घ्या, पुन्हा मोजा. एकाच जहाजाच्या एका बाजूला दहा आणि दुसरीला आठ, यात पिंगचा (नेटच्या विलंबाचा) किंवा कॅशेचा काय संबंध? तरी कॅशे साफ करा, गेम पुन्हा इन्स्टॉल करा, हेच चालू.

आजचे प्रतिनिधी म्हणाले, "सर, तो टरेट जहाजाच्या उजव्या कडेला आहे. डावीकडे मारताना मध्ये धुराडं येतं." क्योनिगचे पाचही टरेट मधल्या रेषेवर आहेत, असं मी सांगितलं. "एक मिनिट हं सर." बराच वेळ संगीत. मग पुरावा म्हणून मेलवर चित्र आलं, ते कायझरचं! १९१२ साली नौदलात दाखल झालेलं, मधले दोन टरेट दोन कडांना पुढेमागे बसवलेलं जहाज. ती अडचण नको म्हणूनच क्योनिग वर्गात मधला टरेट रेषेवर आणला. हेही समजावून सांगितलं. त्यावर उत्तर: "मग सर, तोपर्यंत शत्रू उजव्या बाजूला ठेवा ना."

छान. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या नौदल लढाईत क्योनिग जर्मन रांगेच्या अग्रभागी होतं. ब्रिटिशांना ही विनंती कुणी कळवली नसावी.

त्या चित्राने एक काम मात्र केलं. कायझरच्या उजव्या कडेच्या टरेटचे मारकोन तुम्ही क्योनिगच्या मधल्या टरेटला चिकटवलेले दिसतात. लक्षणं तंतोतंत तीच आहेत: उजवीकडे मोकळा, डावीकडे चिंचोळी फट. त्या टरेटच्या फिरण्याच्या मर्यादा तपासा, बाकी काही उसकटू नका. डेकवरचे रिव्हेट मोजून बसवणाऱ्या कंपनीला टरेट कुठल्या रेषेवर आहे ते कळू नये, याचं वाईट वाटतं.

पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती नसेल तर जहाजाची पूर्ण रक्कम परत करा, गेममधली नाणी नकोत. तेही जमत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर पाठ आहे. तिथे शत्रू कुठल्या बाजूला ठेवायचा ते तुम्हीच समजावून सांगा.

आणि हो, डावीकडे आठच गोळे सुटतात. पुन्हा लिहावं लागतंय, कारण तक्रारीच्या तिकिटावर 'समस्या सोडवली' लिहून तुम्ही ते बंद केलंय. आधी ते उघडा.