बोटीआधी लाँच घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरून नदीची ओढ कमी झाली की पुण्यातल्या बोट क्लबांमध्ये नव्या मुलांची वर्दळ सुरू होते. मुलांना सोडायला आलेले पालक घाटावर उभे राहून आम्हा रोइंगच्या, म्हणजे शर्यतीच्या बोटी वल्हवण्याच्या, प्रशिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात, "पहाटे साडेपाचला येऊन फुकट शिकवता, यात तुम्हाला मिळतं काय?" प्रश्न मनापासून विचारलेला असतो. त्याचे उत्तर द्यावे आणि त्याच्याशी जोडलेली एक मागणीही, मुलांच्या मागे चालणाऱ्या मोटरलाँचची, मांडावी, म्हणून हे पत्र.

रोइंग एकट्याने शिकता येत नाही. वल्हवणारा जातो त्या दिशेला पाठ करून बसतो. समोर पूल आहे, जलपर्णीचा तराफा आहे की दुसरी बोट, हे त्याला मान वळवल्याशिवाय दिसत नाही, आणि नवखा मान वळवतो तेव्हा बोट कलते. शर्यतीची एकेरी बोट सुमारे आठ मीटर लांब असते आणि नियमाप्रमाणे तिचे वजन किमान 14 किलो लागते. रुंदी मात्र पाण्याच्या रेषेवर फूटभरही नसते. तिचा तोल दोन वल्ह्यांवर टिकतो. मुठी हातातून सुटल्या की बोट उलटलीच म्हणून समजा. बसलेल्याला आपल्या हातांची उंची कळत नाही, आपले पाते पाण्यात तिरपे शिरते हे दिसत नाही. ते बाहेरून कोणीतरी पाहावे लागते, आणि त्याच वेळी, त्याच ठिकाणी सांगावे लागते.

'क्रॅब' या चुकीचे उदाहरण घ्या. पाते पाण्यात अडकते, मूठ छातीवर आदळते, कधी मूल बोटीबाहेर फेकले जाते. मुलाला वाटते, जोर कमी पडला. पुढच्या खेपेला ते आणखी जोरात ओढते आणि पुन्हा अडकते. खरे कारण आधीच घडून गेलेले असते. पाते पाण्याबाहेर निघण्याआधीच त्याने मनगट वळवून ते आडवे केलेले असते, किंवा फिनिशला, म्हणजे ओढ संपते तिथे, मूठ खाली दाबण्याऐवजी पोटाकडे नुसती खेचलेली असते. दुसरी नेहमीची चूक सीटची, जी चाकांवर मागेपुढे सरकते. मूल पुढे येताना सीटवरून घसरत, धावत येते, त्याचे सगळे वजन मागच्या टोकाकडे आदळते आणि पळत असलेली बोट तिथेच मंदावते. ओढायला जेवढा वेळ लागतो त्याच्या साधारण दुप्पट वेळ परत येण्यात जावा, हे शब्दांत सांगून उपयोग नसतो. मिनिटाला अठरा ते वीस वल्ह्यांवर ठेवून शेजारून आकडे मोजत न्यावे लागते. तिसरी चूक हात लवकर वाकवण्याची. जोर पायांतून सुरू व्हायला हवा, मग पाठ उघडावी, हात शेवटी यावेत. ज्याने कोपरापासून सुरुवात केली त्याचे दंड पाचशे मीटरमध्ये भरून येतात आणि पाय ताजेच राहतात.

यावरचे सराव जुने आणि साधे आहेत. आधी पाय सरळ ठेवून फक्त हातांनी दहा वल्ही, मग हात आणि पाठ मिळून दहा, मग अर्धी सीट, मग पूर्ण. पाते आडवे न करता उभेच ठेवून वल्हवायला लावले की हातांच्या उंचीतला खोटेपणा लगेच उघडा पडतो. एका सकाळी एका मुलाला एकच दुरुस्ती सांगायची. तीन सांगितल्या की एकही जमत नाही. नवे प्रशिक्षक इथे नेहमी घसरतात. त्यांना दिसते ते सगळे सांगून टाकावेसे वाटते.

बऱ्याचदा दोष मुलाचा नसतो, बोटीच्या जुळणीचा असतो, आणि आमच्या मते चांगला प्रशिक्षक ओळखायचा तो इथेच. एकेरी बोटीत दोन्ही बाजूंच्या, वल्ही ज्यांवर फिरतात त्या खुंट्यांमधले अंतर साधारण 160 सेंटिमीटर, वल्ह्याचा आतला, मुठीकडचा भाग 88 च्या आसपास आणि पात्याचा कल चार अंश. कल शून्यावर आला तर पाते खोल बुडते, सात-आठवर गेला तर पाण्यावरून निसटते. दोन्ही मुठी एकमेकींवरून जातात तेव्हा डावा हात वर राहतो, म्हणून डाव्या हाताकडचे गेट, म्हणजे वल्हे अडकवायची खाच, सेंटिमीटरभर उंच लावतात. ते उलटे लागले असेल तर मुलाची बोटे रोज सोलवटतात आणि बोट सतत एका कुशीवर राहते. स्ट्रेचर, म्हणजे पाय टेकवायची फळी, मागच्या टोकाकडे जास्त सरकवलेला असेल तर फिनिशला मुठी पोटासमोर एकमेकींत अडकतात. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, जास्त असेल तर त्या बरगड्यांच्या बाहेर जातात. तेरा वर्षांच्या मुलाला पाच फूट दहा इंची माणसासाठी लावलेल्या बोटीत बसवायचे आणि "तुझा तोल नाही" म्हणायचे, हा त्याच्यावर अन्याय आहे. दहा नंबरचा पाना आणि मोजपट्टी घेतली तर पंधरा मिनिटांचे काम असते.

आता सुरक्षिततेचे. मुळा-मुठा संगमाच्या आसपासचे पाणी बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळे अडून राहते, म्हणूनच इथे वल्हवता येते. रॉयल कॅनॉट बोट क्लब 1868 पासून आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब 1928 पासून याच नद्यांवर उभे आहेत. पण अडलेल्या पाण्यात जलपर्णी माजते, सांडपाणी साचते, निर्माल्याच्या पिशव्या तरंगतात. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की तेच पाणी काही तासांत चढते आणि ओंडके घेऊन येते. त्या दिवशी बोट पाण्यात घालायची नाही, एवढे एकच वाक्य बोलण्यासाठीही घाटावर जाणते माणूस लागते. बोटीखाली दिशा धरून ठेवणारी छोटी उभी पट्टी असते, तिला जलपर्णीची मुळे गुंडाळली गेली की बोट अचानक जड होते आणि दिशा सोडते. मूल घाबरून एका हाताने जोर लावते आणि उलटते. तळव्यावरचे फोड उघडे ठेवून असल्या पाण्यात हात घातला तर लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या संसर्गाचा, धोका असतो. म्हणून आधी पट्टी, आणि बाहेर आल्यावर साबण.

पाण्यात जाण्याआधी आम्ही तीन गोष्टी पाहतो. मुलाला कपड्यांसह पन्नास मीटर पोहता येते का. बुटांच्या टाचांना बांधलेली दोरी शाबूत आहे का, कारण बोट उलटली की तिच्यामुळेच टाच अडते आणि पाय बुटातून सुटतो. आणि नाळेवरचा पांढरा रबरी चेंडू जागेवर आहे का. टोकदार नाळ कोणाच्या पाठीत घुसू नये म्हणून तो असतो. बोट उलटलीच तर ती सोडून किनाऱ्याकडे पोहायचे नाही, तिलाच धरून राहायचे किंवा तिच्या पाठीवर आडवे पडायचे, हे पहिल्या आठवड्यात मुद्दाम उलटवून शिकवायचे असते.

या सगळ्यासाठी प्रशिक्षक मुलांच्या जवळ असावा लागतो, आणि आमची मागणी इथूनच सुरू होते. काठावरून हे होत नाही. मध्ये पूल येतात, भिंती येतात, काठची वाट तुटते. मूल तीनशे मीटरवर उलटले तर काठावरचा माणूस केवळ पाहू शकतो. मागून चालणारी मोटरलाँच हवी, तिच्यात दोन माणसे हवीत. एकाने लाँच चालवायची, दुसऱ्याने मुलांकडे पाहायचे. लाँचमध्ये फेकायची दोरी, जादा लाइफ जॅकेट, जलपर्णी कापायला सुरी, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, दहा आणि तेरा नंबरचे पाने. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या पायाला बांधलेली. पाण्यात पडलेल्याजवळ जाताना काही मीटर आधीच इंजिन बंद करायचे, नाहीतर वाचवायला गेलेल्या लाँचच्या इंजिनाचा पंखाच जखम करतो. एका लाँचने चार नवख्या एकेरी बोटी सांभाळाव्यात, त्याहून जास्त नाही. हे आमचे मत आहे आणि आम्ही त्यावर ठाम आहोत.

होते मात्र उलटे. देणगीदार, कंपन्यांचे सामाजिक निधी, लोकप्रतिनिधी, सगळ्यांना बोट द्यावीशी वाटते. बोटीवर नाव लिहिता येते, तिच्याशेजारी छायाचित्र काढता येते. लाँच, तिचे पेट्रोल, इंजिनाची वार्षिक देखभाल, प्रशिक्षकांचे प्रथमोपचार आणि जीवरक्षण प्रशिक्षण यांच्यासाठी कोणी पुढे येत नाही. मग लाखांची बोट रॅकवर पडून राहते, कारण तिच्यामागे जायला कोणी नसते. लाँच नसलेल्या क्लबातला चांगला प्रशिक्षक दोन हंगामांत येणे थांबवतो. पैसे मिळत नाहीत म्हणून नाही. दहा मुले पाण्यात आणि आपण काठावर, ही धास्ती रोज सोसवत नाही म्हणून.

तर मग मिळते काय? वल्हे पाण्यातून निघाले की मागे एक भोवरा उरतो. नवख्याच्या एका जोडीचे भोवरे पुढच्या जोडीच्या भोवऱ्यांना जवळजवळ चिकटलेले असतात. चूक सुधारली की त्यांच्यातले अंतर वाढू लागते. ते लाँचमधून स्पष्ट दिसते, मोजताही येते. मुलाला ते बोटीच्या तळाशी बुडबुड्यांच्या आवाजातून कळते आणि त्याचा चेहरा बदलतो. आपण सांगितलेले एक वाक्य दहा मिनिटांत पाण्यावर असे उमटलेले दिसते, याचे समाधान इतके आहे की दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उठावेसे वाटते.

दुसरे कारण असे की या खेळाचा दरवाजा उशिरा आलेल्यालाही उघडा असतो. पोहण्यात किंवा जिम्नॅस्टिक्समध्ये दहाव्या वर्षी जी वेळ निघून जाते ती इथे विशीतही असते. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ विहिरी खोदण्याचे काम करत. 2012 मध्ये लष्करात गेल्यानंतरच त्यांच्या हाती वल्हे आले. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकेरीत तेरावे आले आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत त्यांनी सुवर्ण मिळवले. लष्कराने त्यांना बोटीबरोबर रोज पाहणारा प्रशिक्षकही दिला. उंच, लांब हातापायांची, धावण्यात मागे पडणारी म्हणून शाळेच्या संघातून वगळलेली कितीतरी मुले आपल्या गावांत असतील. त्यांच्यातले कोण पुढे जाईल हे त्यांना पाण्यात घातल्याशिवाय कळायचे नाही.

आणि तिसरे कारण कर्जफेडीचे. हा खेळ आपल्याकडे फारसे कोणी फी देऊन शिकलेले नाही. वरच्या वर्षातल्याने खालच्या वर्षातल्याला शिकवायचे, असाच तो कॉलेजांतून टिकला आहे. आज जो गेट लावू शकतो, त्याला कोणीतरी पाना हातात देऊन ते शिकवलेले असते.

  

कॉलेजात कधी वल्हे धरलेल्या, आता चाळिशी-पन्नाशीत असलेल्या वाचकांना विनंती आहे. वल्हवण्याचा दम उरला नसला तरी चालेल. पोहता येत असेल, आठवड्यातून एक पहाट देता येत असेल, तर लाँचमधल्या दुसऱ्या माणसाची जागा रिकामी आहे. पहिले चार रविवार फक्त शेजारी बसून पाहायचे, पाचव्यापासून एका मुलाची जबाबदारी घ्यायची. येताना टोपी आणा, आणि चष्मा असेल तर त्याला दोरी बांधून या.

आपले,
पुण्यातील काही हौशी रोइंग प्रशिक्षक