नववीच्या विज्ञानाच्या सरांना

सर, नमस्कार. किती दिवस लिहायचं म्हणतेय पण राहूनच जातंय. मी धायरीहून यायची ती लमाणी पोरगी, शेवटच्या बाकावरची.

आमचं मूळ विजापूरकडचं, आईबाप बांधकामावर, घरात गोरमाटी, म्हणजे आमची लमाणी भाषा. आधीच्या शाळेत बाईंनी याडीला (आई हो) सांगितलेलं की घरी पण मराठीच बोला नाहीतर पोरगी मागे पडेल. याडीचं मराठी मुकादमाशी बोलण्यापुरतं, मग काय, ती माझ्याशी बोलायचीच कमी झाली. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

नववीला पहिलाच धडा गतीचे नियम. जडत्व शब्द मी पाठ केलेला, अर्थ शून्य. (मराठी घरातल्या पोरांनाही कळला नव्हता, पण ती हात वर करायची.) तुम्ही मला आणि माझ्या चुलत बहिणीला म्हणालात, आधी तुमच्या भाषेत एकमेकींना समजावा, मराठीत नंतर लिहा. वर्गात गोरमाटी! पोरं हसली, तुम्ही नुसतं बघितलंत, बंद. मग आम्ही कात्रजच्या बसवरून भांडत बसलो की ब्रेक तर बसला लागला मग माणूस पुढे का पडतो, आणि भांडता भांडताच डोक्यात शिरलं की पाय बसबरोबर थांबतात, वरचं अंग मात्र चालूच. पेपरात हेच लिहिलं, पूर्ण मार्क.

वहीच्या मागे तुम्ही रकाने पाडायला लावलेत, पुस्तकातला शब्द आणि घरातला शब्द. जडत्वाला काही सापडेना तर म्हणालात शब्द नसला तर अख्खं वाक्य लिही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत, जमलं तर आठवी आणि पुढेही मातृभाषेतून शिकवा असं आहे म्हणे, पण गोरमाटीत विज्ञानाचं पुस्तक येणार कधी? जनगणनेत तर आम्हाला हिंदीतच मोजतात. तुम्ही कशाची वाट बघितली नाहीत, गोरमाटीचं अक्षर येत नसताना.

आणि ती पालकसभा. याडी साइटवरून तशीच आलेली, पदराला सिमेंट. तुम्ही खुर्ची दिलीत आणि म्हणालात, तुम्ही तुमच्या भाषेत बोला, ही सांगेल मला. वीस मिनिटं बोलली हो ती! मी निम्मंच सांगितलं, बाकीची माझी तक्रार होती.

आता सिव्हिल डिप्लोमाला आहे. थँक्यू सर, मनापासून. याडी म्हणते सरांना बाटी खायला बोलव, आम्ही अजून धायरीतच आहोत.