रात्रीचा फोन आणि बीपीच्या गोळ्या

कोल्हापूर

चि. माई हिस अनेक आशीर्वाद.

तू फौंड्रीत क्वालिटीची हेड झालीस त्याला आता सहा महिने होतील. बोलायला घेतलं की मधेच तुला शिरोलीहून, कंपनीतून फोन येतो, म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाच.

कामाची तुला सवय आहे, कामानं तू दमणार नाहीस. दमतेस ती सगळीकडं लक्ष ठेवून. कुठल्याही जबाबदारीचे चार तुकडे असतात: पुढं काय लागणार ते ओळखणं, काय काय करता येईल ते शोधणं, त्यातलं एक ठरवणं आणि झालं का ते बघत राहणं. ॲलिसन डेमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जोडप्यांचा अभ्यास करून ही मांडणी केली. ठरवताना दोघं असतात, पण पहिला आणि शेवटचा तुकडा बहुतेक बाईच्याच वाट्याला येतो, असं त्यांना दिसलं. नेमके हेच दोन कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. म्हणून दिवसभर खुर्चीत बसूनही जीव शिणतो.

सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्याच घे. आणतात जावईबापू. पण पाचच उरल्या हे तू बघतेस, मेसेज तू करतेस, आणल्या का हेही तूच विचारतेस. म्हणजे त्यांना तू फक्त दुकानापर्यंतची फेरी दिलीस. द्यायचं तर सगळं दे: स्ट्रिप बघणं, चिठ्ठी सांभाळणं, डॉक्टरांची पुढची तारीख. गोळ्यांत खंड पडून चालणार नाही, तेव्हा आधी पंधरा दिवसांच्या जादा आणून ठेवा. चूक झालीच तर तेवढ्यात निभावेल, आणि तुला गप्प बसणं सोपं जाईल. २०२४ च्या सरकारी पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८. डोक्यात फिरत राहणारी यादी या मिनिटांत धरलेलीही नसेल.

आता रात्रपाळीचे फोन. कशासाठी उठवायचं ते लिहून सुपरवायझरच्या टेबलाजवळ लाव: कुणाला लागलं, स्पेक्ट्रोचा (धातूत काय किती आहे ते तपासणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट हद्दीबाहेर आला, किंवा सकाळची गाडी चुकणार. बाकीचं रजिस्टरमध्ये लिहायचं, तू आठ वाजता बघशील. कुठली कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, तो स्वतः अडवून ठेवू शकतो, तेही त्याच कागदावर असू दे. अधिकार न देता नुसती जबाबदारी दिली, तर तो फोन करणारच, त्यात त्याची चूक नाही.

हे बिघडतं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी. फोन येतो, तुला दया येते, तू उत्तर सांगून टाकतेस आणि काम परत तुझ्या पदरात. त्यावेळी एवढंच विचार, “तुला काय वाटतं?” तो सांगेल. “मग तसं कर, सकाळी रजिस्टर बघते.” पहिली चूक झाली म्हणून काम काढून घेऊ नकोस. चूक कुठल्या तुकड्यात झाली ते बघ आणि तेवढंच शिकव.

निरोपसमारंभ, मिटिंगची टिपणं, नव्या पोरांना कंपनी दाखवणं, यासाठी “कोण करेल?” असं विचारूच नकोस. २०१७ मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकन प्रयोगात, ज्या कामानं बढती मिळत नाही ते अंगावर घ्यायला मिश्र गटात बायका पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा पुढं आल्या. गटात फक्त पुरुष ठेवले, तर तेही तितक्याच वेळा पुढं येत होते. म्हणजे हा बायकांचा स्वभाव नव्हे, बाई करेल ही सगळ्यांची खात्री आहे. पाळीची यादी लाव, नावं वर्णानुक्रमे.

आणि माणसांची गाऱ्हाणी. कुणी दारात आलं की आधी विचार, “नुसतं सांगायचंय, का माझ्याकडून काही करून पाहिजे?” निम्म्या लोकांना नुसतं सांगायचं असतं. त्यांचं दुःख ऐकून घे, पण त्यावरचा तोडगा घरी घेऊन येऊ नकोस.

हे सुरू केलंस की छातीत कसंसं होईल. “बाईला झेपलं नाही म्हणतील”, “मी स्वार्थी झाले का?” असं येईल मनात. काही आठवडे येतच राहील. तो अपराधीपणा सवयीचा आहे, चुकीचा पुरावा नाही. शिरोलीला जाताना रोज ताराराणींचा पुतळा बघतेस ना? १७०० पासून त्यांनी औरंगजेबाला झुंजवलं, तेही एकटीनं नव्हे: फौजेला धनाजी जाधव होते आणि कारभाराला रामचंद्रपंत अमात्य.

पण झोप मोडणं, कशातच मन न लागणं, माणसांचा तिटकारा येणं, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर सुट्टी घेऊन भागणार नाही, डॉक्टरांना दाखव. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. फोनमध्ये आत्ताच टाकून ठेव.

यंदा गौरीचं सगळं सामान तुझ्या भावाकडं दिलंय, शेपूच्या जुडीपासून पूजेच्या साहित्यापर्यंत. त्याला आठवण करू नकोस, मीही करणार नाही. तू फक्त जेवायला ये.

तुझी,
आई