अर्धं कटिंग

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन कट केलास, त्यानंतर मी दोन दिवस काही बोललो नाही. आई म्हणाली, तुम्ही लावा. मी म्हटलं, त्याला लावू दे. मंगळवारी रात्री तुझे तीन फोटो आले. तीन एअर इनटेक, म्हणजे गाडीच्या इंजिनात हवा नेणारे पाइप-फिल्टर, तीन किमती, खाली एक अक्षर नाही. मी समजलो. आपल्या घरात सॉरी म्हणायची पद्धतच नाही. तुझे आजोबा भांडण झालं की दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं केळी आणून ओट्यावर ठेवायचे. तसे हे फोटो.

तर केळी पोचली. वहीत लिहून फोटो काढून पाठवतोय, कारण मोबाइलवर एवढं टाइप करायला माझी बोटं जाड आहेत. आणि रविवारी ज्यावरून भांडलो तो पाण्याचा विषय काढायचा नाही असं आईला कबूल केलंय, तेव्हा तो काढणार नाही.

“कार्ब्युरेटरच्या पुढचं तुम्हाला कळत नाही” हे तू म्हणालास ते लागलं, पण खोटं नाही. इंजेक्शनच्या गाड्या आल्यावर स्कॅनर घ्यायला मी चार वर्षं लावली. मॅफ सेन्सर म्हणजे काय ते तूच सांगितलंस, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला तिसऱ्या वर्षाला असताना, मागच्या पायरीवर बसून. एक तार गरम ठेवलेली असते, आत जाणारी हवा तिला गार करते, तिला गरम ठेवायला किती करंट लागतो त्यावरून हवा किती गेली ते कळतं. तेव्हा मी नुसतं हं म्हटलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजात पोरांना तसंच्या तसं सांगितलं, जसं काही मलाच सुचलं होतं.

आता तुझे फोटो. पहिला साधा: मूळ डबा तसाच, फक्त आतला कागदी फिल्टर काढून धुवायचा कापडी फिल्टर. दुसरा आखूड पाइप आणि बॉनेटखालीच उघडा शंकूसारखा फिल्टर. तिसरा लांब पाइप, फिल्टर खाली बंपरच्या मागं. तुला तिसरा आवडलाय हे मला फोटोंच्या क्रमावरून कळलं. लहानपणी दुकानात पण तू हवी ती वस्तू शेवटी दाखवायचास.

दुसऱ्याचं पटकन सांगतो, तो सोडून दे. हवा दहा अंशांनी तापली की जवळजवळ 3 टक्के पातळ होते. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात सिग्नलला उभा राहिलास की बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा तीस अंश जास्त सहज असेल. म्हणजे दहातला एक हिस्सा गेला. तुझ्या गाडीचे 205 हॉर्सपॉवर, त्यातले वीस, फिल्टर बदलून, घालवायचे आणि वर पैसे द्यायचे? गाडी पळायला लागली की थोडं भरून येतं, पण बॉक्सवर जे आकडे छापतात ते बहुधा बॉनेट उघडं ठेवून, समोर मोठा पंखा लावून काढलेले असतात. तू काय पंखा घेऊन फिरणार आहेस?

पहिल्यात एकच गोम. कापडी फिल्टरला तेल लावायचं असतं. हात सैल सुटला की ते तेल हवेबरोबर उडून त्या गरम तारेवर बसतं, आणि मग तार खोटं बोलायला लागते. सुका फिल्टर मिळत असेल तर तो घे. तुला आठवत नसेल, आपल्याकडं जुन्या डिझेल गाड्यांना ऑइल बाथ असायचा. खाली तेलाची वाटी, हवा त्यावर आपटून वर वळायची आणि धूळ तेलात राहायची. उसाच्या सीझनला त्या वाटीत आठ दिवसांत चिखल व्हायचा. तू त्यात बोट घालून तुळशीकट्ट्यावर नाव लिहिलं होतंस. आईनं घासून पुसलं, तरी “ओं” अजून दिसतो.

तिसरा. तो वाईट आहे असं मी रविवारी म्हणालो ते चूक होतं. खालची हवा गार असते, ती कल्पना बरोबर आहे. माझा प्रश्न असा की त्यातून तुला पाहिजे काय? तुझ्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढ, साडेतीन-चार हजार आरपीएमच्या आसपास खड्ड्यात जातो, हे तूच सांगितलंस, सगळ्या टोयोटा 86 वाल्यांचं ते रडगाणं आहे. तो खड्डा नुसत्या पाइपानं भरत नाही. तिथं हेडर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या, आणि ट्यूनिंगच लागतं. शिवाय मॅफ ज्या नळीत बसतो तिचा व्यास वाढला की तार तीच, पण हवेचं माप बदलतं. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं हवा कमी आली, तो पेट्रोल कमी देतो. थोडंफार तो सांभाळून घेतो, फार झालं की चेक इंजिनचा दिवा. म्हणून मॅफची जागा मूळच्याच मापाची असेल तोच पाइप बघ. आणि कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा ईओ नंबर, म्हणजे मंजुरीचा नंबर, आहे का तेही बघ. टेक्सासात तो लागत नाही, पण त्या पार्टची चाचणी झालेली असते. तुमच्याकडं उत्सर्जनाची तपासणी आहेच, दिवा लागलेली गाडी तिथं नापास.

राहिला आवाज. खरं कारण तेच ना? मला कळत नाही असं समजू नकोस. 1983 साली मी येझदीच्या दोन्ही सायलेन्सरमधले आवाज दाबणारे बॅफल काढले आणि गणपती पेठेतून दोनदा फिरलो. तिसऱ्या फेरीला तुझे आजोबा रस्त्यात उभे. त्या दिवशी केळी आली नाहीत. तुझ्या गाडीत तर कंपनीनंच इनटेकचा आवाज केबिनमध्ये आणायला वेगळी नळी दिलीय, साउंड क्रिएटर म्हणतात. गाडी तयार करणाऱ्यालाही तुझ्यासारखाच मुलगा असणार.

एवढं झालं. आता तो फिल्टर बंपरच्या मागं, तुझी गाडी जमिनीपासून पाच इंच, आणि ह्यूस्टनचे रस्ते. तूच सांगितलंस की तिथले रस्ते मोठ्या पावसात पाणी वाहून न्यायलाच तसे ठेवलेत. 2017 ला हार्वे वादळ आलं तेव्हा त्या भागात एका ठिकाणी 60 इंचांवर पाऊस पडला. सांगलीला अख्ख्या वर्षात त्याच्या निम्मा पडत नाही, तरी 2019 च्या पुरात आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 57 फूट लागलं आणि काकींच्या खोलीतलं कपाट आपण माळ्यावर बांधलं. बघ, काढायचा नव्हता तो विषय निघाला. आईला सांगू नकोस.

निघालाच आहे तर हिशोब ऐक, मग गप्प बसतो. तुझं इंजिन दोन लिटर, चार सिलिंडर, प्रत्येकी 500 सीसी. कॉम्प्रेशन 12.5 ला 1. पिस्टन टोकाला गेला की शिल्लक जागा 43 सीसी. आपल्या चौकातल्या टपरीवरचं अर्धं कटिंग. त्याच्यापेक्षा जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं, की पिस्टनला पुढं जायला जागा नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, नाहीतर ब्लॉक फोडून बाहेर येतो. आणि दोन हजार आरपीएमला तुझं इंजिन मिनिटाला दोन हजार लिटर हवा ओढतं. फिल्टर पाण्यात बुडाला तर अर्धं कटिंग ओढायला त्याला किती वेळ लागेल, तू इंजिनिअर आहेस, तूच काढ.

तू म्हणशील मी पाण्यातून नेणारच नाही. कोणीच ठरवून नेत नाही. रात्रीची वेळ असते, ऑफिसातून उशीर झालेला असतो, पुढचा ट्रक आरामात गेलेला असतो. पुलाखालचं पाणी गुडघाभर आहे की कमरेएवढं, दिव्याच्या उजेडात सारखंच दिसतं. तुला घाई करायची सवय आहे. जेवताना पण आहे. पट्टा लावतोस का? शनिवारी रात्री दोन वाजता तू ऑनलाइन होतास आणि मागं इंजिनचा आवाज होता, आई झोपली म्हणून मी बोललो नाही. गाडीचा हप्ता अजून तीन वर्षं आहे, इन्शुरन्सला पार्ट बदलल्याचं कळवलंयस का, तिथं रात्री बंद पडलास तर तुझं कोण आहे...

सुरू झालो परत. माफ कर. तीस वर्षांच्या मुलाला हे लिहायचं नसतं.

पण एक सांगतो, जे तुला कधी सांगितलं नाही. 2005 चा पूर ओसरला तेव्हा गॅरेजसमोर गाड्यांची रांग होती. एका डॉक्टरांची एस्टीम आली, टायर बुडतील एवढ्या पाण्यात रात्रभर उभी होती. अशा वेळी काय करायचं ते मला चांगलं माहीत होतं. चारी प्लग काढायचे, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर घालवायचं, ऑइल बदलायचं, मगच सेल्फ. अर्ध्या तासाचं काम. डॉक्टर शेजारी उभे राहून घड्याळ बघत होते, मागं अकरा गाड्या होत्या. मी डिपस्टिक बघितली, ऑइल स्वच्छ दिसलं, आणि सेल्फ मारला.

तो आवाज मी अजून विसरलो नाही. मोठा नव्हता. लाकडी खुंटी मोडावी तेवढाच.

डॉक्टरांना काही कळलं नव्हतं. गाडी पुरातच गेली होती म्हणून सांगितलं असतं तर खपलं असतं, तेव्हा कामाला असलेल्या पोरानं माझ्याकडं बघितलंसुद्धा. मी म्हटलं, माझ्या हातून झालं. इंजिन उघडलं, लेथवाल्याकडं गेलं, पिस्टन-रॉड सगळं माझ्या खिशातून. त्या वर्षी पाचवीत पहिला आलास तर गिअरची सायकल देतो म्हणालो होतो. तू आलास. आणि मी म्हणालो, रस्ते खराब आहेत, पुढच्या वर्षी बघू. रस्ते खराब नव्हते, म्हणजे होते, पण ते कारण नव्हतं. तू काही बोलला नाहीस, नुसती जुनीच सायकल धुतलीस. ते मी आत बसून बघत होतो.

आता तुझ्या पैशाची गाडी आहे, मागच्या चाकांवर चालणारी, सहा गिअरची. रविवारी तू बॉनेट उघडून दाखवलंस तेव्हा मी आडव्या सिलिंडरचं ते इंजिन बघत होतो, किती खाली बसवलंय, बोअर 86, स्ट्रोक पण 86. चांगलं म्हणायचं ते आधी म्हणायला पाहिजे होतं. पाण्याचं तोंडातून आधी निघालं.

आत्याचं टाके काढायचं शुक्रवारी आहे, तिला फोन कर. तुझ्या लाडूच्या डब्याचं कुरिअर गेलं.

माझ्या मतानं सुका फिल्टर मूळ डब्यात बसव आणि उरलेल्या पैशात चांगले टायर घे, तुझ्या रस्त्यांना तेच लागतील. तिसराच घेणार असशील तर घे, मी परत बोलणार नाही. फक्त मूळ डबा, त्याचे स्क्रू आणि क्लिपा एका पिशवीत भरून ठेव, पावसाच्या दिवसांत परत बसवता येईल, वीस मिनिटांचं काम आहे. आणि पाइप बसवल्यावर टेप लावून मोज: जमिनीपासून फिल्टरच्या खालच्या कडेपर्यंत. वरची नाही, खालची. किती इंच भरतं तेवढं कळव.

तुझे,
अण्णा